लेबल वाचा, मग बाटली विका

गिऱ्हाईक विचारतं, "बर्बन म्हणजे केंटकीचीच ना?" आणि आपण मान डोलावतो. इथेच चुकतं. बर्बन अमेरिकेत कुठेही बनते. अट अशी: धान्यात किमान ५१ टक्के मका आणि आतून जाळलेलं नवं ओक पिंप. व्हॅनिलासारखा वास त्या लाकडाचा. वरून रंग, फ्लेवर घालायला बंदी. राय व्हिस्कीत किमान ५१ टक्के राय हे धान्य, म्हणून ती जरा तिखट लागते. टेनेसी व्हिस्की पिंपात भरण्याआधी सहसा मेपलच्या कोळशातून गाळतात.

'स्ट्रेट' म्हणजे पिंपात किमान २ वर्षं. 'बॉटल्ड इन बाँड' म्हणजे १८९७ च्या कायद्यापासूनची खूण: किमान ४ वर्षं, ५० टक्के अल्कोहोल.

हे शब्द जाहिरातीचे नाहीत, कायद्याचे आहेत. महागडी बाटली पुढे करण्याआधी ते गिऱ्हाइकाला वाचून दाखवा. ते परत येतं ते याच विश्वासावर.