डबा बदलण्याआधी दोन तारा मोजा

वालूर म्हटलं की सेलू तालुक्याबाहेरच्या माणसाला चक्राकार बारव आठवते. मला मात्र या गावच्या रस्त्यावरची वाहनं बघावीशी वाटतात. एप्रिल 2020 पासून बीएस-6 सक्तीचं झालं, 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांनाही धुराचे कडक नियम लागले, आणि बॉनेटखालच्या दोन पिळदार तारा गावोगावच्या मेकॅनिकसमोर आल्या. कॅन हाय आणि कॅन लो. इंजिनाचा नियंत्रक डबा म्हणजे ईसीएम आणि मीटर यांचं बोलणं त्यांच्यावरूनच चालतं.

या बोलण्याच्या पद्धतीचं नाव कॅन. जर्मनीतल्या बॉश कंपनीत 1983 साली तिचं काम सुरू झालं, 1986 मध्ये डेट्रॉइटला ते जगापुढे मांडलं गेलं आणि 1987 मध्ये इंटेलची पहिली कंट्रोलर चिप आली.

या चिपचं काम मला फार देखणं वाटतं. प्रोसेसर ओळखक्रमांक आणि जास्तीत जास्त 8 बाइटांचा मजकूर तिच्या बफरमध्ये ठेवतो आणि आपल्या कामाला लागतो. पुढचं सगळं कंट्रोलर बघतो. तार मोकळी झाली की तो क्रमांकाचा एकेक बिट सोडतो आणि सोडलेला बिट तारेवरून लगेच वाचूनही घेतो. तारेवर 0 नेहमी 1 वर मात करतो. आपण 1 सोडला आणि वाचला 0, म्हणजे जास्त तातडीचं कुणीतरी बोलतंय. तो तिथेच गप्प होतो आणि तार मोकळी झाल्यावर पुन्हा प्रयत्न करतो. जिंकलेल्या संदेशाचा एक बिटही बिघडत नाही. जड वाहनांच्या जे1939 पद्धतीत इंजिनाच्या फेऱ्यांना अग्रक्रम 3 आहे, कूलंटच्या तापमानाला 6. लहान आकडा जास्त तातडीचा, म्हणून दोन्ही एकदम निघाले तर फेऱ्या आधी पोचतात. त्यांच्या चौथ्या-पाचव्या बाइटात 12000 हा आकडा असेल तर त्याला 8 ने भागायचं: मिनिटाला 1500 फेऱ्या.

घेणाऱ्या बाजूला प्रत्येक कंट्रोलर प्रत्येक संदेश ऐकतो. संदेशात बिघाड झालाय का हे सांगणारी 15 बिटांची सीआरसी तपासतो, बरोबर असेल तर पोच म्हणून एक बिट खाली ओढतो, आणि गाळणीतून पार झालेला संदेशच बफरमध्ये ठेवून प्रोसेसरला हाक देतो. प्रोसेसरनं तो वेळेत उचलला नाही आणि बफर भरलेलंच राहिलं, तर एखादा संदेश हातचा जातो.

चूक झाली तर? पाठवताना चूक झाली की कंट्रोलरच्या मोजणीत सहसा 8 वाढतात, नीट गेलेल्या संदेशानं 1 उतरतो. मोजणी 127 च्या वर गेली की तो इतरांचे संदेश मोडण्याचा हक्क गमावतो, 255 च्या वर गेली की तारेवरून स्वतःच बाजूला होतो. याला बस-ऑफ म्हणतात.

इथेच गाडीमालकाचा खिसा कापला जातो. स्कॅनर सांगतो, अमुक डब्याशी संपर्क नाही, आणि महागडा ईसीएम बदलायचा सल्ला मिळतो. पण उंदरानं तार कुरतडली, कपलरमध्ये पाणी गेलं, दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तरी धडधाकट कंट्रोलरही असाच गप्प होतो. म्हणून आधी बॅटरीची तार काढावी आणि मल्टिमीटर दोन तारांवर लावावा. दोन्ही टोकांना 120 ओहमचे रोधक असतात, त्यामुळे सुमारे 60 दिसायला हवेत. 120 दिसले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर तारा चिकटल्यात. तो दोष काढा, गाडी पुन्हा चालू करा आणि मगच डब्याकडे बघा.