रात्री बारा वाजता बुडणारा डेटा

मुलगा मोबाइल हातचा सोडीत नाही, ही तक्रार घेऊन येणारे आई-बाप आमच्या धर्मग्रामात पुष्कळ आहेत. त्यांतील अनेकांचे पोट सिल्वासाच्या कारखान्यांवर चालते. मुलाला दोष देण्यापूर्वी त्यांनी, आपण त्याला कोणता पॅक घेऊन देतो, हे एकदा नीट पाहावे.

सन २०१६ पूर्वी एका जीबीला दोन-अडीचशे रुपये पडत, म्हणून मुले ते जपून वापरीत. त्या वर्षीच्या सप्टेंबरात जिओ सुरू झाले, काही महिने सारे फुकट मिळाले, आणि पुढे रोजच्या रोज ठराविक डेटा देण्याची पद्धत घरोघरी रूढ झाली. रोज दीड जीबी! आज उरला तर रात्री बारा वाजता तो बुडाला. उद्याच्या खात्यात त्याची जमा नाही. खरी मेख येथेच आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री दहा वाजता दिसते की, अजून पाऊण जीबी शिल्लक आहे. मग बापाच्या घामाचा पैसा वाया जाऊ नये, अशी स्वतःची समजूत घालून तो पांघरुणात रील्स पाहत बसतो. साध्या दर्जाची चित्रे पाहिली तरी दीड जीबी संपवावयास दोन-तीन तास लागतात.

अरण्यात इस्रायली लोकांना मिळालेला मान्नाही दुसऱ्या दिवशी टिकत नसे. परंतु तेथे ज्याने-त्याने आपल्या भुकेपुरताच गोळा करावयाचा होता. येथे भूक असो वा नसो, ताट रिकामे करावयाचे!

आता पैशांचे पाहू. जुलै २०२४ मध्ये जिओचा हाच पॅक २३९ रुपयांवरून २९९ वर गेला. त्याचा महिना २८ दिवसांचा, म्हणून वर्षात रिचार्ज बारा नव्हे, तेरा. एका फोनचे ३,८८७ रुपये. घरात चार फोन असतील तर साडेपंधरा हजार झाले. आजीला केवळ बोलावयाचे असते, तिला डेटा कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना केवळ बोलणे व संदेश यांसाठी वेगळे पॅक ठेवावयास लावले. दुकानदार आपण होऊन सांगेलच असे नाही; विचारून घ्यावे.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक उपाय केला. सायंकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, आणि दीड तास घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद होतात. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. आमच्या मते वडगावची रीत अधिक शहाणपणाची, कारण तेथे मोठ्यांनाही फोन खाली ठेवावा लागतो. बाप जपमाळेच्या वेळी व्हॉट्सअॅप चाळीत असेल तर मुलाने कोणाचे ऐकावे?

यंत्र मुळात वाईट आहे, असे मात्र कोणी समजू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये संतपद लाभलेला कार्लो अकुतिस हा संगणकात निष्णात होता. पवित्र साक्रामेंताच्या चमत्कारांची माहिती त्याने इंटरनेटवर मांडली. खेळाला मात्र आठवड्यात एकच तास त्याने ठरवून घेतला होता. २००६ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, तो प्रभूकडे गेला.

आमच्याकडील अडचण निराळीच आहे. शाळेचा अभ्यास फोनवर येतो, आणि रात्रपाळीवरचा बाप सुट्टीच्या दहा मिनिटांत घरी फोन करतो. तेव्हा सगळेच फोन पेटीत कोंडून भागत नाही. त्यासाठी काही घरांनी एक साधा, बटणांचा फोन घेतला आहे. जपमाळेपासून झोपेपर्यंत तो एकच चालू असतो. बापाचा आवाज त्यावर ऐकू येतो, आणि त्यावर रील्स दिसत नाहीत.