सीआरपी किती आला?

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये, कोविडच्या लाटेत, कुवेतमधल्या सालमियातल्या मराठी घरांत पुण्या-नागपूरहून फोन आला की तब्येतीच्या आधी आकडे विचारले जायचे. सीआरपी किती? डी-डायमर वाढलाय का? फेरिटिन केलं का? लॅबशी ज्यांचा संबंध साखर आणि कोलेस्टेरॉलपुरता, ती माणसं मोबाइलवर आलेला रिपोर्ट मोठा करकरून ठळक छापलेले आकडे शोधत बसायची. विमानं धड मिळत नव्हती, आईवडील तिकडे अॅडमिट, आणि हातात काय, तर हा एक कागद.

या कागदातली एक गोष्ट मला अजूनही थक्क करते. त्यात विषाणूचा एक कणसुद्धा मोजलेला नसतो. सगळं मोजमाप रुग्णाच्या स्वतःच्या शरीराचं.

सीआरपीचंच घ्या. हे यकृतात बनणारं प्रथिन, पाच सारख्या तुकड्यांचं गोल कडं. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्तद्रव जिवाणूच्या वेगवेगळ्या अंशांत मिसळून पाहत होते. ‘सी’ नावाच्या अंशाबरोबर आजाऱ्याच्या रक्तद्रवात साका धरायचा आणि माणूस बरा झाला की धरेनासा व्हायचा. आज आपण रिपोर्टमध्ये वाचतो तो ‘सी’ तोच.

फुप्फुसात दाह सुरू झाला की पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप रक्तात सोडतात. तो यकृताला पोचतो आणि यकृत सीआरपी ओतू लागतं. सहा-आठ तासांत पातळी चढायला लागते आणि वेळ आली तर मूळच्या हजारपट होते. यकृत थांबलं की उतरण मात्र ठरलेली, साधारण दर १९ तासांनी अर्धी, मग आजार कुठलाही असो. म्हणजे रक्तातला आकडा सांगतो ते एवढंच, की यकृत या घडीला किती जोरात कामाला लागलंय. एका रिपोर्टपेक्षा लागोपाठच्या दोन-तीन रिपोर्टांवर डॉक्टरांची नजर असते ती यामुळेच.

डी-डायमरची कथा निराळी. रक्ताची गुठळी फायब्रिनच्या जाळीने बांधलेली असते. शरीर ती जाळी कातरतं तेव्हा उरणारे तुकडे म्हणजे डी-डायमर. राडारोडा पाहून पाडकामाचा अंदाज यावा, तसा हा आकडा सांगतो की आत कुठेतरी गुठळ्या होताहेत आणि मोडताहेत. मार्च २०२०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये वुहानच्या दोन रुग्णालयांतल्या १९१ रुग्णांचा अभ्यास आला. दाखल होतानाच ज्यांचा डी-डायमर मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅमच्या वर होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका कितीतरी पटींनी जास्त निघाला. डी-डायमरसाठीचं रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. नळीत सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. खुणेपर्यंत भरली नाही तर प्रमाण बिघडतं, नमुना बाद होतो आणि पुन्हा टोचावं लागतं. आधीच वैतागलेल्या रुग्णाला हे समजावणं सोपं नाही.

कुवेतमध्ये पहिले रुग्ण सापडले २४ फेब्रुवारी २०२०ला, इराणहून परतलेले प्रवासी. सुरुवातीच्या त्या आठवड्यांत इथे पॉझिटिव्ह आलेल्याला, लक्षणं असोत-नसोत, जाबेर अल-अहमद रुग्णालयात दाखल करत. तेव्हा अनेकांना तो जुलूम वाटला. संशोधनाच्या दृष्टीने ते घबाड होतं. बहुतेक देशांतल्या रुग्णालयांनी पाहिले ते आधीच खालावलेले रुग्ण, इथे ठणठणीत आणि अत्यवस्थ एकाच यादीत आले. सुलेमान अल्माझीदी आणि सहकाऱ्यांनी पहिल्या १०९६ जणांची माहिती छापली. जवळपास निम्म्यांना एकही लक्षण नव्हतं, ४२ जण अतिदक्षता विभागात गेले, १९ दगावले. पन्नाशीपुढचं वय, धूम्रपान, वाढलेला सीआरपी आणि वाढलेलं प्रोकॅल्सिटोनिन (रक्तात मोजलं जाणारं आणखी एक प्रथिन) यांचा अतिदक्षतेशी संबंध दिसला. मृत्यूशी ज्यांचा संबंध दिसला त्यांतही प्रोकॅल्सिटोनिन होतंच.

हे कोड्यात टाकणारं आहे. प्रोकॅल्सिटोनिन जिवाणूंच्या संसर्गात उसळतं आणि विषाणूंच्या आजारात सहसा शांत राहतं. मग कोविडमध्ये ते का वाढावं? वरून जिवाणूंचा दुसरा हल्ला झालेला असू शकतो, किंवा शरीराचे अवयवच कोलमडू लागलेले असू शकतात. आकडा इशारा देतो, कारण सांगत नाही.

भाकिताचंही तसंच. ब्रिटनमध्ये ३५ हजारांहून अधिक रुग्णांवरून मृत्यूचा धोका सांगणारा ‘४सी’ नावाचा गुणांक बनवला, ० ते २१. त्यात आठ गोष्टी मोजतात, पैकी रक्तातल्या दोनच, युरिया आणि सीआरपी. सीआरपी १०० किंवा वर गेला तर २ गुण मिळतात, ऐंशी गाठलेल्या माणसाला नुसत्या वयाचे ७! आपण रात्र-रात्र ज्या आकड्यावर खल केला, त्याच्यापेक्षा जन्मतारीख जड. शिवाय त्या काळात असे शेकडो गुणांक निघाले आणि तपासणीत बहुतेक कच्चे ठरले.

आणखी एक फसगत एककांची. एखादी लॅब सीआरपी लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देते, एखादी डेसिलिटरमागे. पहिलीचा ६० तो दुसरीचा ६. दोन शहरांतले रिपोर्ट शेजारी ठेवून ‘उतरला की!’ म्हणणाऱ्यांनी आधी आकड्यापुढची बारीक अक्षरं वाचावीत.

तरीही एका ठिकाणी या आकड्याने थेट उपचार ठरवले. ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत टोसिलिझुमॅबसाठी निवड झाली ती ऑक्सिजन कमी पडणाऱ्या आणि सीआरपी ७५ किंवा वर असलेल्या रुग्णांची. औषध दिलेल्यांतले ३१ टक्के २८ दिवसांत दगावले, न दिलेल्यांतले ३५ टक्के. गंमत पुढेच आहे. हे औषध इंटरल्यूकिन-६चा निरोप यकृताला घेऊच देत नाही. त्यामुळे इंजेक्शननंतर सीआरपी झपाट्याने कोसळतो, रुग्ण सुधारत असो वा नसो. त्यानंतर काही दिवस डॉक्टर त्या रकान्यावर विसंबत नाहीत, श्वासाची गती मोजतात आणि ऑक्सिजन किती लागतोय ते पाहतात.