खाट नको असलेलं दुखणं

तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणतं. कात्रजच्या चढावर राहणाऱ्या, शिलाईकाम करणाऱ्या एका आपांची (आपा म्हणजे आमच्याकडची थोरली बहीण) कंबर नऊ वर्षं ठणकते आहे. विमा नाही. शासनाची योजना आहे ना, असं तुम्ही विचाराल.

आहे. २०१२ साली आलेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ मध्ये महात्मा फुले यांच्या नावाने सुरू राहिली. आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांना. खासगी विम्याचं गणितही बहुधा तेच. धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी राखीव असतात त्याही खाटाच. १० टक्के मोफत, १० टक्के सवलतीत. आपांना खाट नकोच आहे! त्यांना हव्यात रोजच्या गोळ्या, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी आणि ससूनपर्यंत रिक्षा, कारण बसची पायरी चढवत नाही.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. नुसती वेदना त्यांत नाही. बहुतेक सवलतींसाठी अपंगत्व ४० टक्के भरावं लागतं, आणि ठणका पुष्कळदा एक्स-रेत दिसत नाही. म्हणून तपासणीला जाल तेव्हा कुठे दुखतं एवढ्यावर थांबू नका. किती पावलं चालवतं, खाली बसून उठता येतं का, पायमशीन किती मिनिटं चालवता येतं, तेही डॉक्टरांना सांगा.