हिवाळ्यातली तहान

जनावरांची तहान म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वैशाख उभा राहतो. आटलेली विहीर, कोरडा हौद, धापा टाकणारी गुरे. परंतु गुडघाभर बर्फ पडलेला असताना गाय तहानलेली राहू शकते, हे मी अमेरिकेत मिनेसोटाला भाचीकडे गेलो तेव्हा पाहिले. जानेवारी महिना, पारा उणे 25 वर. शेजारीच एका शेतकऱ्याचा गोठा होता.

दुभती गाय दिवसाला 100 लिटरच्या वर पाणी पिते. पाणी कमी झाले की वैरण सुटते, आणि मागोमाग दूध. मग बर्फ खाऊ द्यावा, असे तुम्ही म्हणाल. पण 1 ग्रॅम बर्फ नुसता वितळायलाच 80 कॅलरी उष्णता लागते, आणि ती गाईने पदरची घालायची! दुभत्या जनावराला हा व्यवहार परवडत नाही.

पूर्वी तिकडे कुऱ्हाडीने बर्फ फोडीत. पुढे हौदात लाकूड-कोळशाच्या शेगड्या आल्या, मग विजेचे हीटर. या शेतकऱ्याकडेही हीटर होता. एका हिवाळ्यात पाणी छान कोमट, पण गाई हौदाशी येत, नाक लावीत आणि झटकन मागे सरत. दूध उतरू लागले. गुरांचा डॉक्टर झाला, पाण्याची तपासणी झाली; दोष सापडेना. अखेर वायरमनने मीटर लावला. हीटरमधून किंचित वीज पाण्यात उतरत होती! माणसाच्या कोरड्या हाताला न कळणारी ती टोचणी गाईच्या ओल्या नाकाला बरोबर कळत होती.

त्याने हीटर काढूनच टाकला. जमीन तिथे चार-पाच फूट गोठते. त्याखाली मात्र ऊब टिकते. तेवढ्या खोलीवरून नळ आणायचा, त्याभोवती रुंद नळकांडे पुरायचे, म्हणजे भुईची ऊब वर चढते. वर जाड भिंतीचे प्लॅस्टिकचे कुंड, आणि तोंडावर झाकणासारखा तरंगता पोकळ चेंडू. गाय नाकाने चेंडू दाबते, पाणी पिते. नाक काढताच चेंडू पुन्हा जागेवर. गंमत अशी की गुरे जितकी जास्त पितील तितके खालचे ऊबदार पाणी वर येते. मोठ्या कुंडावर दोन-चारच गुरे असली, तर पहाटे चेंडू बर्फात रुतून बसतो.

पण एकदा पोळलेल्या गाई नव्या कुंडाजवळ फिरकेनात. दोन दिवस तो स्वतः थंडीत उभा राहून चेंडू हाताने दाबून धरीत होता. तिसऱ्या दिवशी कळपातली सर्वांत म्हातारी गाय आली. तिने बराच वेळ हुंगले, चेंडूला एक ढुशी दिली आणि मान न उचलता पीत राहिली. मागे बाकीच्या येऊन उभ्या राहिल्या.