आरेची ‘मोकळी’ जमीन कोणाचे पोट भरते?



पावसाळा सुरू झाला की गोरेगाव, बोरिवली, मुलुंड येथील बाजारांत आदिवासी भगिनी टोपल्या घेऊन बसतात. शेवळ, टाकळा, कुर्डू, कंटोळी अशा रानभाज्या त्यांच्याकडे मिळतात. हा सगळा माल जव्हार-मोखाड्याकडून आला असेल, असे आपल्याला वाटते. पुष्कळसा तिकडूनच येतो. पण काही टोपल्या आपल्या शेजारून, आरेतील आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांवरून आलेल्या असतात. या पाड्यांवर आजही शेती होते. ती कशी चालते आणि कशामुळे धोक्यात आहे, हे या अंकात समजून घेऊ.

आधी पाडे, मग उपनगर

आज आपण ज्यांना उपनगरे म्हणतो ती साष्टी बेटावरची गावे होती. सखल भागात भात पिके, खाडीकाठी मिठागरे असत आणि डोंगरउतारावर वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी यांचे पाडे होते. 1950 मध्ये अंधेरी-घाटकोपरकडची आणि 1957 मध्ये बोरिवली-मुलुंडपर्यंतची गावे मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली. पाडे जागचे हलले नाहीत, शहरच त्यांच्यापर्यंत आले.

दूध जवळ, धान्य दूर

योहान फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने 1826 मध्ये एक साधा नियम मांडला. लवकर नासणारा माल, म्हणजे दूध व भाजी, शहराच्या अगदी जवळ पिकवावा. त्यापलीकडे सरपणासाठी वन, त्यापलीकडे धान्य आणि सर्वांत दूर चराऊ कुरणे असावीत. आरे वसाहत याच विचाराचे उदाहरण म्हणता येईल. शहरातील म्हशींचे तबेले बाहेर काढून मुंबईला ताजे दूध मिळावे म्हणून 1949 मध्ये तीन हजारांहून अधिक एकरांवर ती स्थापन झाली आणि 1951 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

पुढे ट्रक आले, शीतगृहे आली. दूध आणि भाजी शेकडो किलोमीटरवरून येऊ लागली. जवळची जमीन पिकासाठी महाग वाटू लागली आणि तिच्यावर इमारती ‘पिकू’ लागल्या. बाजाराच्या हिशेबाने पाहिले तर आरेतील भाताचे खाचर म्हणजे वाया गेलेली जागा. पण पाड्यावरचे कुटुंब बाजारभाव पाहून शेती करत नाही, ते घरातल्या चुलीचा हिशेब करते.

तीन जमिनी, एक कोठार

हा हिशेब तीन प्रकारच्या जमिनींवर चालतो. पहिली बांध घातलेली सखल जमीन, म्हणजे भाताचे खाचर. दुसरी उताराची वरकस जमीन. तिथे नाचणी, वरई होते. तिसरे रान.

या तिन्ही एकमेकींना बांधलेल्या आहेत. ठाणे-पालघर पट्ट्यातील राबाची जुनी पद्धत पाहा. पावसाआधी झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण आणि गवत पसरून रोपाची जागा भाजतात. त्याने तणाचे बी जळते आणि राखेचे खत मिळते. मृगाच्या पावसात तिथे भात पेरतात आणि जुलैमध्ये ते रोप, म्हणजे आवण, उपटून खाचरात लावतात. म्हणजे खाचराला लागणारा पाला रानातून आणि वरकसवरून येतो. रान गेले की शेतही अशक्त होते.

पावसाळ्याचे पहिले महिने पाड्यावर सर्वांत कठीण असतात. जुने धान्य संपत आलेले असते आणि नवे अजून शेतात असते. नेमक्या याच दिवसांत रान भाजी देते. जूनच्या सुरुवातीला शेवळ उगवते. ते नुसते शिजवले तर घशाला खाज सुटते, म्हणून त्यात काकडाची आंबट फळे घालतात. ओढ्यात खेकडे मिळतात. हे सगळे विकत घ्यायचे ठरवले, तर मजुरीचा मोठा भाग त्यातच जाईल.

म्हणूनच ‘पक्क्या घरात खोली देतो’ या प्रस्तावाने पाड्यावर आनंद होतोच असे नाही. इमारतीत डोक्यावर छप्पर मिळते, पण खाचर, परसातला भोपळ्याचा मांडव आणि रान मागे राहते. नाबोथाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. अहाब राजाने त्याला त्याहून चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. तरी त्याने नकार दिला, कारण तो मळा त्याच्या वाडवडिलांचे वतन होता.

कागद काय म्हणतो?

2006 च्या वनहक्क कायद्यानुसार 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला, प्रत्यक्ष कसत असलेल्या क्षेत्रावर, जास्तीत जास्त 4 हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. राष्ट्रीय उद्यानातील जमीनही यात येते. आरेची अडचण वेगळी आहे. तिथली जमीन कागदोपत्री वन नव्हती, दुग्धविकास विभागाची होती. 2020 मध्ये आरेतील 812 एकर राखीव वन करण्याचे शासनाने जाहीर केले. अशा वेळी 1927 च्या वन अधिनियमाप्रमाणे वन जमाबंदी अधिकाऱ्याने तिथल्या लोकांचे दावे ऐकायचे असतात. ज्याचा दावा नोंदला गेला नाही, त्याची शेती नकाशावर दिसतच नाही.

दाव्याला केवळ सरकारी कागदच लागतो असे नाही. वनहक्क नियमांत जुने बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून धरले जातात. मात्र जमातीचा दाखला लागतो, आणि त्यासाठी कुटुंबाचे 6 सप्टेंबर 1950 चे वास्तव्य विचारले जाते. ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्यांनी हा कागद कुठून आणायचा? आमच्या कामाचा बराच वेळ याच शोधात जातो.

आपण काय करू शकतो?

रानभाजी घेताना घासाघीस करू नका आणि ती कशी शिजवायची ते विचारा. मंडळीतील निवृत्त तलाठी, शिक्षक, वकील यांनी महिन्यातून एक शनिवार पाड्यावर दिला, तर अर्ज लिहिणे, जुने शाळेचे दाखले शोधणे आणि वृद्धांचे जबाब नोंदवणे ही कामे पुढे सरकतील. वृद्धांचे काम आधी घ्यावे लागेल, कारण कोणते खाचर कोणाच्या आजोबांनी बांधले हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. या कामासाठी आपली प्रार्थना आणि आपला वेळ, दोन्ही हवे आहेत.