चल्लस-आठ : एक पट, तीन गावचे नियम

खेळाचे नियम आधी ठरवावेत, हे सर्वांना ठाऊक असते. पण भांडण झाल्याखेरीज ते कुणाला आठवत नाही. मलाही आठवले नाही. वसतिगृहाच्या खोलीत खडूने पट आखून आम्ही चौघे बसलो होतो. माझ्या चारही सोंगट्या कुणाच्या तावडीत न सापडता बाहेरची फेरी संपवीत आल्या होत्या. पहिली सोंगटी आत घालणार, तोच गोकाकच्या मित्राने पटावर हात ठेवला. "तू अजून कुणाला मारलेलं नाहीस. मारल्याशिवाय आत जाता येत नाही." मी म्हटले, "आमच्याकडे असला नियम नाही." तो म्हणाला, "मग आमच्याकडे कशाला खेळतोस?" पुढचे दोन दिवस आम्ही मेसमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर जेवलो.

त्या दोन दिवसांत मी जो विचार केला, तोच या लेखाचा विषय आहे.

मी मूळचा गौतमपुऱ्याचा. इंदूर जिल्ह्यातले, मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाचे हे गाव. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे होणाऱ्या हिंगोट युद्धासाठी ते प्रसिद्ध आहे. हिंगणबेटाचे फळ पोकळ करून त्यात दारू ठासतात, त्याला बांबूची काडी बांधतात आणि पेटवून समोरच्या दळावर फेकतात. गौतमपुऱ्याचे दळ 'तुर्रा', जवळच्या रुंजीचे 'कलंगी'. आधी देवनारायणाच्या मंदिरात दर्शन, मग हातात ढाली घेऊन मैदानात. दरवर्षी काही जण भाजतात. त्या संध्याकाळी आमच्या घरची मोठी माणसे मैदानाकडे जात आणि आम्हा मुलांना आजी ओसरीवर अडकवून ठेवी. अडकवण्याचे साधन म्हणजे कवड्या. बाहेर हिंगोटांचा आवाज चाललेला आणि आत आमचा चंगा-पोचा डाव. मोठी माणसे धडधाकट परतेपर्यंत आजी डाव मोडू देत नसे.

हा चंगा-पो म्हणजेच महाराष्ट्रातला चल्लस-आठ आणि कर्नाटकातला चौकाबारा. नावे तीन, पट एकच. ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाच आडव्या आणि पाच उभ्या रांगा, म्हणजे 25 चौकोन. चारही बाजूंचे मधले चौकोन आणि अगदी मधला चौकोन, अशा पाच चौकोनांवर फुली असते. ही घरे. घरातली सोंगटी मारता येत नाही. प्रत्येकाच्या चार सोंगट्या आपल्या बाजूच्या घरातून निघतात, बाहेरच्या 16 चौकोनांतून एका दिशेने फिरतात, आपल्या घराच्या अलीकडच्या चौकोनातून आतल्या 8 चौकोनांत शिरतात, तिथे उलट दिशेने फिरून मधल्या घरात पोचतात. मोजले तर घरापासून मध्यापर्यंत बरोबर 24 पावले होतात. चार सोंगट्यांची मिळून 96.

दान चार कवड्यांचे किंवा एका बाजूने घासलेल्या चार चिंचोक्यांचे. जितक्या कवड्या उताण्या, तितके दान. चारही उताण्या पडल्या तर चार, म्हणजे चल्लस. चारही पालथ्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायला मिळते.

आता थोडे गणित. कवडी उताणी आणि पालथी सारख्याच वेळा पडते असे मानले, तर चार कवड्या 16 प्रकारे पडू शकतात. त्यांपैकी 4 प्रकारांत एक पडतो, 6 प्रकारांत दोन, 4 प्रकारांत तीन, 1 प्रकारात चार आणि 1 प्रकारात आठ. म्हणजे दोन हे दान सर्वांत जास्त पडणारे. एका टाकण्याची सरासरी अडीच येते, आणि पुन्हा टाकायला मिळते ते धरून एका पाळीत सरासरी 2.86 पावले पडतात. कुणाची सोंगटी मेली नाही आणि एकही दान वाया गेले नाही, तरी चारही सोंगट्या मध्यात न्यायला सुमारे 34 पाळ्या लागतात. खरी कवडी अगदी समतोल नसते, तेव्हा आपल्या घरच्या कवड्या शंभर वेळा टाकून मोजून पाहणे उत्तम. संख्याशास्त्राचे प्राध्यापक यावर रागावणार नाहीत.

या एवढ्याशा गणितातून डावपेच आपोआप निघतात.

पहिला डावपेच उभे राहण्याचा. नवखा खेळाडू लगेच मागे असलेल्या शत्रूला भितो. वास्तविक एक पाऊल मागे असलेली सोंगटी 16 पैकी 4 वेळा मारील; तीन पावले मागे असलेलीही तितक्याच वेळा; पण दोन पावले मागे असलेली 6 वेळा. चार पावलांवर हा धोका 16 त 1 इतका उतरतो. पाच पावलांवरून मारायचे तर आधी चार आणि मग एक पडायला हवा, म्हणजे 64 त एक वेळ. तेव्हा शत्रूच्या पुढे दोनच्या अंतरावर उभे राहू नये, पाचच्या अंतरावर खुशाल राहावे. एक शत्रू दोन पावले आणि दुसरी सोंगटी तीन पावले मागे असेल, तर 16 पैकी 10 वेळा आपण मेलो असे समजावे.

दुसरा डावपेच घरांचा. बाहेरच्या फेरीत दर चौथ्या पावलाला एक घर आहे. पण नेमके चार हेच दान क्वचित पडते. म्हणून सोंगट्या घराघरांतून उड्या मारीत जातील, ही आशा व्यर्थ. प्रत्येक दोन घरांच्या मधल्या तीन चौकोनांत उघड्यावर थांबणे आलेच. प्रश्न एवढाच, की कुठे थांबायचे. दुसऱ्याच्या घरात त्याच्या सोंगट्या बसून असतील, तर त्या घरापुढचा दुसरा चौकोन सर्वांत वाईट.

तिसरा डावपेच किमतीचा. मेलेली सोंगटी पुन्हा पहिल्यापासून निघते. एक पाऊल चाललेली मेली तर नुकसान एका पावलाचे. पंधरा पावले चाललेली मेली तर पाचांहून अधिक पाळ्यांचे. म्हणून दान कोणत्या सोंगटीवर खेळायचे असा प्रश्न पडला, की मागची धोक्यात टाकून पुढची वाचवावी. लहान मुले उलट करतात. पुढचीच सोंगटी पळवतात, कारण ती जिंकल्यासारखी दिसते.

आता भांडणाच्या नियमाकडे येतो. 'एकदा तरी मारल्याशिवाय आत जायचे नाही', हा नियम काढला की चल्लस-आठ ही पळण्याची शर्यत होते. घाला, आणि ती शिकार होते. पहिल्या खेळात जो जपून चालतो तो शहाणा. दुसऱ्यात तोच मूर्ख, कारण फेरी संपून त्याच्या सोंगट्या दाराशी अडकतात आणि मारायला पुढे कुणी उरत नाही. दुसऱ्या खेळात सुरुवातीलाच एखादी सोंगटी मुद्दाम मागे ठेवावी लागते, शिकारीसाठी. पट तोच, कवड्या त्याच, एक वाक्य बदलले आणि शहाणपणाची व्याख्या उलटली. त्या दिवशी माझे खेळणे चुकीचे नव्हते. ते दुसऱ्या खेळातले होते.

हल्ली शहरांतल्या मुलांत परदेशी पटावरचे खेळ आले आहेत. त्यांतला कातान हा खेळ क्लाउस टॉयबर या जर्मन गृहस्थाने 1995 साली काढला. त्याची जाडजूड नियमपुस्तिका पाहून घाबरण्याचे कारण नाही. बेटाचे षट्कोनी तुकडे, बहुतेकांवर एक आकडा. दोन फाशांची बेरीज त्या आकड्याइतकी आली, की शेजारी वस्ती असणाऱ्याला लाकूड, वीट, धान्य असे काही मिळते. इथेही पहिले काम आपल्या कवड्यांचेच. 36 प्रकारांपैकी सहा आणि आठ ही बेरीज प्रत्येकी 5 प्रकारांनी येते, दोन आणि बारा फक्त एकेका प्रकाराने. मग वस्ती कुठे करायची, हे सांगावे लागत नाही. सात 6 प्रकारांनी येते, आणि सात आली की टाकणारा खेळाडू चोराला हव्या त्या तुकड्यावर बसवून तिथले उत्पन्न बंद करतो. दहा गुण आधी करील तो जिंकला. पण गुण वाढवायला बहुधा इतरांशी देवघेव करावी लागते, आणि जो उघडपणे पुढे जातो त्याच्याशी कुणी देवघेव करीत नाही. चोरही त्याच्याच दारात बसतो. पुस्तिकेत हे कुठे लिहिलेले नाही. चौघांच्या चल्लस-आठमध्येही पुढे गेलेल्यावर तिघे टपून असतात, हे आजीने कधी सांगितले नव्हते, तरी आम्हांला कळत होते.

तेव्हा कोणताही नवा खेळ समोर आला तर मी आता तीन गोष्टी विचारतो. डाव कशाने संपतो? दान किती वेळा काय देते? आणि दुसरा माझे काय बिघडवू शकतो? या तीन उत्तरांत निम्मे डावपेच आले. आमच्या गावच्या हिंगोट युद्धाला पहिल्याच प्रश्नाचे उत्तर नाही. तिथे कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. अंधार वाढला की माणसे घरी परततात, काही भाजून. लहानपणी मला यात फार शौर्य वाटे. आज वाटते, आजी ओसरीवर आम्हांला अडकवीत होती ते एवढ्यासाठीच. मेलेली सोंगटी पुन्हा घरातून निघते, हा पटाचा सर्वांत मोठा नियम आहे, आणि तो मैदानात चालत नाही.

तिसऱ्या दिवशी मी गोकाकच्या मित्राच्या टेबलावर जाऊन बसलो. एका कागदावर आम्ही नियम लिहून काढले, डावीकडे मराठीत, उजवीकडे कानडीत. मारल्याशिवाय आत जायचे नाही, हा त्याचा नियम मी मान्य केला. सलग तीनदा चार-आठ पडले तर ते दान जळाले, हा माझा त्याने मान्य केला. कागद खोलीच्या दारामागे चिकटवला आहे. त्यानंतर मी बहुतेक डाव हरलो आहे. पण भांडण मात्र एकदाही झालेले नाही.